फाटकाची कडी

मोरेश्वर टॉकीजला भुताचा पिक्चर लागला की धनराज फालक तो दोनदा बघायचा. पहिल्यांदा बायकोला शेजारी घेऊन, सगळ्यांसारखा सरळ बसून. दुसऱ्यांदा एकटाच, पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून.

दुसरं बघणं हेच खरं बघणं, असं त्याचं म्हणणं. पडद्याच्या उजेडात लोकांची तोंडं बघत बसायचं. कोण पदर तोंडात कोंबतं, कोण शेजाऱ्याच्या मांडीत नखं रुतवतं, कोण खदाखदा हसतं. भुताला जो हसतो तो सगळ्यात आधी घाबरलेला असतो, हे त्याला कुठल्या कॉलेजाने शिकवलं नव्हतं. नववीत शाळा सुटली तेव्हा तो भुसावळच्याच एका वितरकाकडे पिक्चरच्या रिळांच्या पेट्या उचलायला लागला. तेव्हा खानदेश-वऱ्हाडचे पिक्चर या गावातून जायचे. पुढे पेट्या गेल्या, वितरक गेले, धनराजची जीभ तेवढी राहिली, आणि तिच्यावर त्याने नाव कमावलं. "परग्रहावरून आलेला प्राणी हिरॉइनच्या बेंबीकडे बघत चालत असेल तर तो परग्रहावरचा नाही, निर्मात्याचा मेहुणा आहे," असं तो एकदा म्हणाला, आणि ते वाक्य पानटपऱ्यांवर महिनाभर चाललं. निर्माते त्याला घाबरायचे. त्याला ते आवडायचं.

त्याच्या समीक्षेच्या कार्यक्रमाचं नाव 'फाडून टाकू'. दर शुक्रवारी संध्याकाळी सातला, घरातल्या पुढच्या खोलीतून, थेट लोकांच्या फोनवर. लोक रिक्षात ऐकायचे, किराणा दुकानात ऐकायचे. पण नुसत्या धनराजसाठी कोणी थांबलं नसतं. खरी मजा हेमलताची, म्हणजे त्याच्या बायकोची होती.

"धनराज, तुला पिक्चर कळला नाही. तू घोरत होतास."

"मी डोळे मिटून विचार करत होतो."

"विचार एवढ्या मोठ्याने करतात? पुढच्या रांगेतली बाई दोनदा वळून बघत होती."

लोक लोळायचे. काय बाई आहे, नवऱ्याला एकेरीत हाणते! बाजारात बाया तिला थांबवून म्हणायच्या, "हेमाभाबी, आमच्या ह्यांनाबी एकदा तुमच्या माईकसमोर बसवा हो."

नियम एकच, आणि तो धनराजचा. टॉकीजच्या दारातून बाहेर पडल्यापासून माईक लागेपर्यंत पिक्चरबद्दल एक शब्द काढायचा नाही. पहिला शब्द लोकांच्या कानावर पडला पाहिजे. शिळा माल विकायचा नाही. हेमलताने तो नियम कधी मोडला नाही. ती घरात एरवीही फारसं बोलत नसे. माईक बंद झाला की 'धनराज'चा 'अहो' व्हायचा आणि 'अहो'च्या पुढे वाक्य क्वचितच सरकायचं. हे गावात कोणाला माहीत नव्हतं. कळणार कसं? तेव्हा माईक बंद असायचा.

मग त्या उन्हाळ्यात 'येणारा' नावाचा पिक्चर आला.

टॉकीजचा मॅनेजर इस्माईल तडवी हा धनराजचा पेट्या उचलण्याच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्याने धनराजला आत नेऊन दाखवलं. पडदा काढून टाकला होता. जुन्या बाकांच्या जागी चाळीस खुर्च्या, दातांच्या डॉक्टरकडे असतात तशा, आणि प्रत्येक खुर्चीवर एक जाड चष्मा.

"पिक्चर कुठाय?"

"खुर्चीत," तडवी म्हणाला.

आपण घाबरलो हे माणसाला कळायच्या आधी त्याच्या शरीराला कळतं. डोळ्याची बाहुली फाकते, तळहात ओलावतात, नाडी उडी मारते. हे मोजणारी यंत्रं दवाखान्यांतून केव्हाची होती. सांगाल ते चित्र आणि सांगाल तो आवाज क्षणात बनवणारी यंत्रं तर आता प्रत्येकाच्या खिशात होती. 'येणारा' काढणाऱ्या कंपनीने या दोहोंची गाठ मारली. खुर्चीच्या हातात नाडी आणि घाम मोजणारी पट्टी, पाठीला श्वास मोजणारी गादी, चष्म्यात बाहुलीवर डोळा. सुरुवातीची काही मिनिटं यंत्र नुसतं चाचपत राहतं. एक दार वाजवून बघतं. नाडी हलली? मग लाकडी दार की लोखंडी? लोखंडीला जास्त हलली. मग गंजलेलं की नवं? मग कडी, की कुलूप, की बिजागरी? भीती म्हणजे काय ते यंत्राला अजिबात कळत नाही. जिथे नाडी वर जाते तिकडे ते एकेक पायरी उतरत राहतं, इतकंच. शेवटी जे हाती लागतं त्यावर ते त्या एकट्या माणसाचा पिक्चर तिथल्या तिथे बनवतं. कंपनी त्याला 'भयठसा' म्हणायची. अंगठ्याच्या ठशासारखा, एकाचा दुसऱ्याशी जुळत नाही. तिकीट काढताना फोनमधले फोटो आणि आवाज वापरायची परवानगी मागतात. सगळे 'हो' दाबतात. आपण नाही का दाबत?

"म्हणजे चाळीस माणसं चाळीस पिक्चर बघणार? मग मी समीक्षा कशाची करू भो, खुर्चीची?"

तडवी हसला नाही.

"तुला काय दिसलं?" धनराजने विचारलं.

"पाणी. नुसतं तापीचं पाणी चढत येतं. माझा धाकटा भाऊ बुडाला होता ना." तडवीने चष्म्याची काच बाहीने पुसली. "बायकोला पहिल्यांदाच सांगितलं. ती म्हणे, मला वाटायचं तुम्हाला पोहायचा कंटाळा आहे."

"आणि ही पाटी कसली? जोडीचं तिकीट?"

"दुसऱ्याचा यंत्रात साठवलेला पिक्चर बघायचा. त्याने परवानगी दिली तर. त्याची छाती कशी धडधडली ते गादी तुझ्या पाठीत जसंच्या तसं वाजवते."

"थू," धनराज म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसली. धनराजला रिकामं टॉकीज दिसलं. तो स्टेजवर माईक धरून बोलतोय, चांगलं बोलतोय, आणि समोर बाकांवर धूळ. कोणीच नाही. दार उघडतं, कोणी डोकावतं, ऐकतं, निघून जातं. चष्मा काढला तेव्हा त्याचे तळहात ओले होते. ते त्याने पँटला पुसले. शेजारी हेमलता उठली नव्हती. लोक निघून गेले तरी ती खुर्चीच्या हातावरची बटणं दाबत बसली होती. तिच्या गालांवर चष्म्याच्या कडांचे वळ उठले होते. घरी येताना ती नियमाप्रमाणे गप्प होती. धनराज मनात खूश झाला. एवढी गप्प आहे म्हणजे आज माल चांगला निघणार.

"नमस्कार, मी धनराज फालक."

"आणि मी हेमलता. याला आवरायला."

धनराजने आपला पिक्चर सांगितला, धुळीवर दोन विनोद केले, ओल्या तळहातांचं सांगितलं नाही. "मरगळलेला पिक्चर. दीड स्टार. आता हेमलता, तुझ्यात तरी भूत होतं का, की तिथेही मेहुणाच?"

"भूत नव्हतं. एक स्वयंपाकघर होतं. बाई भाजी निवडत असते, गाणं म्हणत असते. बराच वेळ काहीच होत नाही. छान वाटतं. मग फाटकाची कडी वाजते."

"कडी?"

"लोखंडी. जुनी. ती वाजली की बाई गाणं थांबवते. मग पायरीवर चपला. एक इकडे, एक तिकडे, भिरकावल्यासारख्या. मग खोकला."

"आणि नुसता खोकला ऐकवून तिकिटाचे पैसे घेतले?" धनराज हसला. खिडकीबाहेर रस्त्यावरून कोणाच्या तरी फोनवर त्याचंच हसू किंचित उशिरा ऐकू आलं.

"मग तो म्हणतो, पाणी."

"कोण?"

"तूच, धनराज."

थेट कार्यक्रमात शांतता म्हणजे पाप, हे धनराज सगळ्यांना शिकवायचा. आता शांतता पसरली आणि तो ती मोडू शकला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे... माझा आवाज वापरला त्यांनी. फुकटात. आपल्या जुन्या कार्यक्रमांतून उचलला."

"आवाज नंतर उचलला," हेमलता म्हणाली. "आधी त्याला कडी सापडली."

सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "किती स्टार?"

"पाच. माझ्या आयुष्यातले पहिले पाच."

माईक बंद झाल्यावर तो उभा राहिला. "हे काय होतं?"

"अहो, जेवायला वाढू?"

"मी काहीतरी विचारतोय. तीस वर्षांत कधी हात उचलला तुझ्यावर? एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

हेमलताने टेबलावरच्या माईककडे बघितलं. "तो लावा. मग सांगते."

त्याने माईक लावला नाही. गावाने ऐकलं असतं. त्याने हात न उचलल्याचं पुन्हा दोनदा सांगितलं. आपल्याकडे बायकोवर हात न उचललेला नवरा गळ्यात पदक घातल्यासारखा फिरतो. बाकीचं सगळं त्या पदकामागे झाकलं जातं. ताट भिंतीवर आपटणं, बाहेरून आल्यावर घर कोणत्या रागात आहे ते घराला ओळखायला लावणं, भाजीचा घास घेऊन सगळ्यांसमोर "आज दोन स्टार" म्हणणं. धनराजला त्यात काही वाटत नव्हतं. तो तर विनोद होता. सगळे हसायचे. हेमलतासुद्धा.

पुढचे दिवस फोनचे गेले. बायांचे फोन हेमलताला, पुरुषांचे धनराजला. पुरुष म्हणायचे, "काय भाऊ, भाबीनं तं तुमचाच पिक्चर काढला!" बाया काय म्हणायच्या ते त्याला कळत नव्हतं. हेमलता फोन घेऊन मागच्या अंगणात जायची. टॉकीजवर जोडीच्या तिकिटाला रांग लागली. एका शाळामास्तरला आपल्या पोराच्या पिक्चरमध्ये स्वतःची छडी दिसली. जळगावच्या एका मुलीने साखरपुड्याआधी नवऱ्या मुलाला खुर्चीत बसवलं, त्याला तिची आई दिसली, लग्न ठरलं. आणि एका कारखानदाराने कंपनीकडे कामगारांच्या भयठशांची घाऊक चौकशी केली. माणूस कशाला घाबरतो ते कळलं की त्याचा पगार वाढवावा लागत नाही.

कंपनीच्या जाहिरात विभागातली शाल्मली नावाची मुलगी धनराजशी फोनवर बोलली. "सर, मॅडमचं ते 'आधी कडी सापडली', अंगावर काटा आला ना! आम्हाला ते जाहिरातीत घ्यायचंय. तुमचा पॉज पण ठेवू. फार ऑथेंटिक आहे."

"माझा काय?"

"तुम्ही गप्प झालात ना सर, ते."

धनराजने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. खोलीच्या दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेली हेमलता त्याच्या आवाजाबरोबर जागच्या जागी थांबली होती. हात घडीवर, मान खाली. फोन ठेवल्यावर त्याला ते दिसलं. याआधी हजारदा दिसलं असेल. त्याने पहिल्यांदा बघितलं.

त्याने नाशिकला नूतनला, मुलीला फोन लावला. ती एरवी फक्त दुपारी, तो बाहेर असताना, आईला फोन करायची.

"तुझी आई माझ्याबद्दल नाही नाही ते..."

"बाबा, कडी वाजली की आम्ही टीव्ही बंद करायचो," नूतन म्हणाली. "मला वाटायचं सगळ्यांकडे तसंच असतं. मैत्रिणीच्या घरी तिचे बाबा आले आणि कोणी टीव्ही बंदच केला नाही, तेव्हा मीच घाबरून उठले बंद करायला."

धनराजने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रविवारी येतेय. आईने माझ्याकडे यायचं की तिथेच राहायचं, ते ती ठरवेल. तुम्ही मधे बोलू नका. एवढंच करा."

त्या शुक्रवारी त्याने तांत्रिक अडचण सांगून कार्यक्रम रद्द केला. आयुष्यात पहिल्यांदा. रविवारी नूतन येणार होती आणि हेमलता घरात 'अहो'च्या पुढे जात नव्हती. माईक लावायची त्याची छाती नव्हती. मग उरली एकच जागा. शनिवारी दुपारी तो टॉकीजवर गेला.

"जोडीचं तिकीट," तो म्हणाला. "हेमलताचं. पण तिची परवानगी..."

"भाबीने दिलेलीय," तडवी म्हणाला. "त्या दिवशीच. खुर्चीतून उठायच्या आधी." मग खाली बघून म्हणाला, "तुझी वाटच बघत होतो भो."

चष्म्यात त्याचंच स्वयंपाकघर होतं, पण त्याने कधी न बघितलेलं. खिडकीतून ऊन येऊन डब्यांवर पडलं होतं. समोर तिचे हात मेथी निवडत होते आणि कानात तिचं गाणं होतं, बेसूर, मजेत. पाठीमागे गादी सावकाश धडधडत होती. बराच वेळ काहीच होईना. संथ आहे, त्याच्यातला समीक्षक मनात म्हणाला, संकलकाला हाकला.

कडी वाजली.

गादीने त्याच्या पाठीत असा दणका दिला की तो खुर्चीतून अर्धा उठला. तीस वर्षांत कुठल्या भुताने त्याला उठवलं नव्हतं. गाणं कापल्यासारखं थांबलं. तिचे हात भराभर चालायला लागले. ओट्यावरचा फोन उलटा ठेवला, सांडलेला पाला गोळा केला, पदर सारखा केला, पेला घासूनपुसून ठेवला. एक चप्पल. दुसरी. दोन्हींच्या मधे तिने श्वास रोखला तेव्हा त्याला स्वतःलाही श्वास घेता येईना. खोकला. आज कसला खोकला आहे, ते ती ऐकत होती. त्या खोकल्यात एवढं ऐकण्यासारखं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"पाणी."

दारात तो उभा होता. ना नखं, ना सुळे, ना रक्त. दमलेला, पोट सुटलेला, साठीला आलेला माणूस. मग ताट. मग घास. "दोन," तो माणूस म्हणाला. "मेथी कडू."

बाई हसली. त्याने ते हसू ओळखलं. रोजचंच होतं. पण आता त्याच्या पाठीत, त्या हसण्याच्या खाली, तिचं काळीज पिंजऱ्यात सापडल्यासारखं आदळत होतं. हसणाऱ्यांची तोंडं वाचण्यात त्याने आयुष्य घालवलं होतं, सगळ्या गावाची, पडद्याकडे पाठ करून. हे एक तोंड रोज समोर ताट ठेवत होतं.

त्याने चष्मा ओढून काढला. पिक्चर अर्धा राहिला होता. समीक्षकाने पिक्चर अर्धा सोडू नये, हाही त्याचाच नियम.

भर उन्हातून घरी चालत येताना त्याने एक गोष्ट ठरवली. मोठी नाही, करता येईल अशी. फाटकाशी तो थांबला. कडी दोन बोटांत धरून कापसासारखी उचलली, फाटक उघडलं, कडी तशीच अलगद खाली ठेवली. चपला काढून एकीला एक लावून पायरीशी ठेवल्या. खोकला येत होता, तो गिळला. अनवाणी पायांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

हेमलता पाठमोरी होती. भरताची वांगी भाजून ठेवली होती आणि ती लाकडी दांड्याने ठेचत होती. ठेचता ठेचता बोलत होती.

"कोण हे वांगं? कोणी निवडलं? याला अभिनय येत नाही!" आवाज जाड केला होता, नाकातून, धनराजचा. "अडीच! नाही, दोन! हा निर्मात्याचा मेहुणा आहे!" आणि ती स्वतःच खो-खो हसली, दांडा टेकवून, खांदे हलवत. मग पुन्हा गाणं लागलं, बेसूर, मजेत.

धनराज बघत राहिला. ही बाई माईकसमोर असायची. पण ही इथेही होती, रोज दुपारी, कडी वाजेपर्यंत. त्याला वाटलं की आता आत जावं, म्हणावं, अगं, नक्कल छान जमते तुला. त्याने बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती मीठ घ्यायला वळली.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो पिक्चरमध्ये नव्हता. हातातली मिठाची बरणी फरशीवर फुटली. ती ओट्यावर पाठीने आदळली आणि दोन्ही हात तोंडापुढे आले, तळवे बाहेर.

"अगं मी आहे, मी!" तो जागचा हलला नाही. "मी कडी वाजवली नाही. मुद्दाम. तुझा पिक्चर बघून आलो. तुला त्रास नको म्हणून, हेमा..."

 तिचे हात हळूहळू खाली आले. फरशीवर काचा आणि मीठ, आणि दोघांच्याही पायांत काही नव्हतं.

"धनराज," ती म्हणाली. माईक नसताना तिने हे नाव या घरात कधी घेतलं नव्हतं. "कडी ते दार. तेवढंच माझं होतं. तेवढ्यात मी आवरायचे. आवाज आवरायचे, तोंड आवरायचे, काय काय लपवायचे. तुला न कळता तेवढा वेळ तू मला द्यायचास." तिने दारातल्या त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "आता तू कधीही मागे उभा असशील."

"नाही, मी यापुढे..."

"आता मला दिवसभर आवरून राहावं लागेल."

तिने गॅस बंद केला. काचा ओलांडून ओट्यावरचा फोन उचलला आणि त्याच्यासमोरच, आवाज न चोरता बोलली. "नूतन, उद्या नको. आज निघ. हो, ठरलं."

धनराज बाहेर आला. आत थांबायला जागा नव्हती. तापलेल्या पायऱ्या उतरून तो फाटकाशी गेला, कडी उचलली आणि सोडली. खण्ण. रस्त्यावरचा रिक्षावाला त्याला बघून ओरडला, "काय धनराजभाऊ, येत्या शुक्रवारी तरी हाय ना कार्यक्रम?" त्याने कडी पुन्हा उचलली, पुन्हा सोडली, आणि घराकडे कान लावला.

आत काहीच थांबलं नाही. थांबायला आता आत काही चालूच नव्हतं.